चाकाला खैराची कवळी

श्री

मुक्काम नागाव, माघ वद्य पंचमी, शके १८५२

राजमान्य राजश्री बाळाजीराव म्हात्रे, मुक्काम गिरगाव, यांस नागावाहून हरी सदाशिव राऊताचा वाकून नमस्कार. (बायकोच्या धाकट्या भावाला वाकून नमस्कार करायची रीत नाही हे मला कळते; पण गेला आठवडाभर मी यंत्राखाली वाकलेलाच आहे, तेव्हा त्यातच उरकून घेतो.) तुमच्या सौ. आवडावहिनींच्या गुडघ्याला उतार पडला का? उंडीचे तेल पाठवले होते ते चोळायचे आहे, देव्हाऱ्यात जाळायचे नाही, एवढे त्यांना सांगावे. इकडे सर्व क्षेम. सुपारी बेताची, नारळ बरा, आणि तुमची बहीण गोदावरी ठणठणीत असून माझ्याशी बोलत नाही. त्याचे कारण ओघाने येईल.

तुमचे पत्र पावले. त्यात तुम्ही लिहिता की करवतीचे यंत्र आता भंगारात द्यावे, म्हातारपणी लोखंडाशी कुस्ती खेळू नये, आणि मुंबईस येऊन चार दिवस स्वस्थ बसावे. बाळाजीराव, यंत्र विकणार नाही. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचा मजकूर कचेरीत घाईघाईने वाचलात तरी चालेल. आणि स्वस्थ बसण्याचे म्हणाल तर तुमच्या बिऱ्हाडात बसायचे कुठे, हा प्रश्न गेल्या खेपेलाच पडला होता. (राग मानू नये. जागा लहान असली तरी तुमची मने मोठी आहेत. फक्त ती निजायला उपयोगी पडत नाहीत.)

तुमच्या कानावर ही हकीकत कोणीतरी मीठमसाला लावून घातलेली दिसते, म्हणून आता माझ्याकडून ऐका. दसऱ्याला यंत्राची पूजा झाली. हळदकुंकू झाले, झेंडूची माळ झाली, आणि नारळ वाढवायची वेळ आली तेव्हा धर्मा, जो आमच्याकडे यंत्र चालवतो, तो दगड आणायला गेला तो तिकडेच कोणाशी बोलत उभा राहिला. मुहूर्त टळत होता. मी म्हटले, ज्याच्या नावाचा नारळ त्याच्याच अंगावर वाढवू, दगड कशाला? आणि लाकूड पुढे सरकवणारे जे बिडाचे दातेरी चाक आहे त्याच्यावर नारळ हाणला. नारळ फुटला नाही. चाकाचा दात फुटला. (नारळ आपल्या विहिरीजवळच्या माडाचा होता. त्या माडाचा मला आजही अभिमान आहे.)

एका दाताने काय होते म्हणून तसेच चालवून पाहिले, तर त्याचे शेजारीही त्याच्यामागोमाग गेले. त्या दिवसापासून करवत गरगर फिरे, पण सागाचा ओंडका जागचा हलेना. चौघांनी मागून ढकलून पाहिले. करवत त्यात अशी रुतून बसली की ती सोडवायला दुसरी करवत आणावी लागली. हाताने करवत ओढणारी जी जोडी पूर्वी आपल्याकडे होती, ती मी यंत्र आणल्यावर मुंबईच्या गोदीत गेली, आणि आता त्यांना बोलवायला मला तोंड नाही.

आता हे सगळे मी हसत लिहितो आहे, पण माझ्या छपराबाहेर वाळूत करमअली नाखव्याचा मचवा उभा आहे. त्याचा जुना मचवा खडकावर फुटला हे तुम्हाला ठाऊक आहे. नवा माझ्याकडे बांधायला दिला. तळ झाला, फासळ्या उभ्या राहिल्या, अंगावर फळ्या चढायच्या तेवढ्यात दसरा आला. सगळ्यांचे मचवे मुंबईच्या खेपा करत होते आणि याचा उपाशी बैलासारखा बरगड्या दाखवीत उभा. त्या मचव्यावर तीन भावांच्या चुली आहेत. हंगाम असाच गेला तर पावसाळ्यात त्या कशावर पेटणार? करमअली रोज संध्याकाळी यायचा, फासळ्यांवरून हात फिरवायचा, 'येतो दादा' म्हणायचा आणि जायचा. चार शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण गेले असते.

म्हणून यंत्र करणाऱ्या विलायतेतल्या कंपनीला पत्र घातले. (नाव लिहून शाई नासवत नाही.) इंग्रजी माझे मीच लिहिले. शब्दकोश होता, उमेद होती. त्यांनी विचारले, चाक कशाने मोडले? मी खरे ते कळवले. त्यावर त्यांचे जे उत्तर आले त्याचा सारांश असा, की यंत्र वापरायच्या सूचनांत नारळाचा उल्लेख कोठेही नाही, सबब ही वापरणाराची हयगय आहे. शिवाय या जातीचे यंत्र आम्ही आता करत नाही, त्याचे सुटे भागही करत नाही, तरी नवे यंत्र घ्यावे. म्हणजे दात दुखतो म्हणून वैद्याकडे जावे आणि त्याने सांगावे की हे डोके जुने झाले, नवे बसवून घ्या! आणि हयगय कसली? नारळ न देता चालू केलेले यंत्र मी चालवायचे? विलायतेत चालवत असतील. तिथे म्हणे समुद्रालासुद्धा कोणी नारळ देत नाही; तरीच त्यांची एवढाली जहाजे बुडतात.

मग चाक काढले, गोदावरीच्या जुन्या गोधडीत गुंडाळले आणि रेवसहून लाँचने निघालो. मांडीवर गोधडी पाहून शेजारच्या भागुबाई कोळणीने पाटी सरकवून जागा दिली आणि मायेने विचारले, "किती म्हयन्याचं हाय?" मी म्हटले, अकरा वर्षांचे आहे. "आन् अजून मांडीवर?" मी म्हटले, दात पडायला लागलेत, म्हणून मुंबईस दाखवायला नेतो. ती बाई भाऊच्या धक्क्यापर्यंत माझ्याकडे पाठ करून बसली. मुंबईत जुन्या लोखंडाच्या बाजारात दुकानामागून दुकान पालथे घातले. सायकलीची चाके, गिरणीची चाके, एका आगबोटीचे तर एवढे मोठे की त्यात आमचे छप्पर मावेल. पण आपल्या मापाचे एकही नाही. शेवटी एका गुजराती शेटने चाक हातात घेऊन, खालीवर करून, खेदाने मान हलवली आणि म्हणाला, "काका, आ तो वजनावर लेऊं." म्हणजे भंगाराच्या भावाने! तिथून मी उठलोच. (तुमच्याकडे आलो नाही, कारण तुम्हीही तेच म्हणाला असतात, आणि नात्यात मला ते सोसवले नसते.)

परतीच्या वाटेवर विचार केला. मोडके दात तासून काढावेत, जागी खाचा पाडाव्यात, आणि लाकडाचे दात ठोकावेत. माणसाला कवळी चालते तर चाकाला का चालू नये? वाडीतला खैर तोडून दात केले. दोन दिवस झकास चालले. मग ओले लाकूड सुकले, आकसले, आणि एकेक दात बंदुकीच्या गोळीसारखा सुटू लागला. एक धर्माच्या ताकाच्या लोट्यातून आरपार गेला. त्याने ताक प्यायचे सोडले, पण काम सोडले नाही.

त्या वेळी करमअलीची जहुराभाभी नवऱ्याला शोधत आली होती. तिने तो दातांचा सडा पाहिला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "या अल्ला! राऊतदादा, तुमच्या विलायतीच्या चाकापरीस माझं मुसळ बरं. निकाहाला आलं, तवापासून कुटतंय, त्याचा टवका तरी उडालाय काय?"

मी विचारले, भाभी, तुमचे मुसळ कसले आहे?

"खैराचं. का?" आणि मग माझ्याकडे पाहून ती जी घराकडे पळत सुटली, ती दार लावूनच थांबली.

बाळाजीराव, मुसळासारखे मुरलेले लाकूड पृथ्वीच्या पाठीवर नाही. पिढ्यान्पिढ्या भात कुटून आणि हातांचे तेल पिऊन ते असे घट्ट होते की पटाशी लावली तर ठणठण वाजते. ते आता काय आकसणार? पहिले मुसळ आमच्या घरातले गेले. (गोदावरीच्या अबोल्याचे कारण येथे आले.) दुसरे जहुराभाभीने स्वतः आणून माझ्या पायांशी टाकले आणि म्हणाली, "घ्या. मचवा तरला तर नवं मुसळ घेईन, न्हाय तर कुटाया भात तरी कुठनं येनार?" मी पटाशीला धार लावायला बसलो.

दात बसले. चाक फिरले. आता ते फिरताना किंचाळायचे, म्हणून मचव्यांना लावतात ते मुशीच्या माशाचे तेल लावले. किंचाळणे थांबले, पण नागावातली एकूण एक मांजरे आमच्या छपराखाली येऊन बसली. धर्मा यंत्र चालू करण्याआधी आता पूजा करत नाही, मांजरे मोजतो. पण फळ्या निघाल्या हो! सरळ, गुळगुळीत, एकामागून एक. करमअली फळीवरून हात फिरवीत होता आणि डोळे पुसत होता. (मुशीच्या तेलाने डोळे झोंबतात, असे त्याचे म्हणणे.) विलायतेतल्या त्या कंपनीला मी कळवले आहे की तुम्ही या जातीचे दात करत नसाल तर आम्ही करतो, तुमच्याकडे कोणाचे असे जुने यंत्र अडले असल्यास बेलाशक नागावास लिहावे.

तेव्हा तुमचा भंगाराचा सल्ला साभार परत करतो. हरी राऊताला विलायतेची गरज नाही, मुंबईची गरज नाही, कोणाचीच गरज नाही. चाक बैलासारखे चालले आहे. लोभ आहेच, तो असा वादावादीने झिजणारा नाही.

आपला,
हरी सदाशिव राऊत

ता. क. वर 'चालले आहे' असे लिहिले ते परवापर्यंतचे समजावे. काल दोन दात झिजून पडले आणि तिसरा डुगडुगतो आहे. दोन्ही मुसळे संपली. गावात आता उरली आहेत ती बाभळीची, आणि खैराची असतील तर बायकांनी लपवली आहेत. मी रस्त्याने चाललो की पुढे घराघरात कड्या लागतात. मचव्याच्या अगदी वरच्या फळ्या तेवढ्या राहिल्या. अवसेचे मोठे उधाण चुकले तर मचवा तरंगवण्याएवढ्या पाण्याला आणखी पंधरवडा थांबावे लागेल, आणि करमअलीकडे आता थांबायला काही उरलेले नाही.

आणखी ता. क. तुमच्या स्वयंपाकघरात दारामागे सासूबाईंचे जे मुसळ उभे असते ते अस्सल खैराचे आहे. गेल्या खेपेस मी ते बोटाने वाजवून पाहिले होते. गोदावरी म्हणते (म्हणजे तिने धर्माला सांगितले, धर्माने मला) की आईचे मुसळ रीतीने लेकीकडेच यायला हवे होते, आणि ते आले तर ती बोलू लागेल. ते कशाकरिता हवे आहे हे तिला अजून सांगितलेले नाही.

शेवटचे ता. क. आवडावहिनींना यातले काही वाचून दाखवू नये. पत्र पोचताच मुसळ घेऊन मिळेल त्या लाँचने तुम्हीच निघावे. मचवा पाण्यात लोटायला खांदे कमीच पडणार आहेत. वहिनी मुसळाच्या मागावर दुसऱ्या लाँचने येतीलच. त्यांचाही खांदा चांगला आहे.