टॉवेल-टोपीचा सत्कार

सर, एक गंभीर तक्रार आहे. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्यापासून मला शेंगाचटणीपासून वंचित ठेवण्यात आलं आहे. मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलं की डब्यांची झाकणं पटापट लागतात. आत कडक भाकरी, दही, चटणी. आणि दारात मी, अतिथी असूनही उपाशी. तुम्ही असतात तर यावर उभ्या उभ्या एक अनुष्टुभ श्लोक रचला असता.

तुम्ही मला आधी संस्कृत शिकवलंत आणि मग त्याच शाळेत शेजारच्या खुर्चीवर बसवून घेतलंत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी आठवीला नववीचा पेपर वाटला. तुमच्यासमोर कबूल करतोय, आणि तुम्ही शांतपणे कपाटातून टॉवेल आणि टोपी काढताय. आपल्या खोलीचा रिवाजच तो: चूक स्वतःहून सांगेल त्याचा सत्कार. टोपी माझ्या डोक्यावर ठेवून तुम्ही मला 'प्रश्नपत्रिकाविपर्यासधुरंधर' ही पदवी दिलीत. "आठवीच्या पोरांवर एवढा विश्वास आजवर कुणी टाकला नव्हता!" सगळे पोट धरून हसले, शेवटी मीही. आणि हसता हसताच खोलीतल्या तिघांनी बसून दुसरा पेपर काढलासुद्धा.

यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर विज्ञानाच्या बाई माझ्या खोलीत आल्या, तोच टॉवेल स्वतःच खांद्यावर टाकून. "सर, करा माझा सत्कार. प्रयोगशाळेतला गॅस काल माझ्याकडून चालूच राहिला." ओठ हसरे, डोळे भ्यालेले. मी फाइलमधून मान वर केली न केली. "शाळा आहे ही, तमाशा नाही. लेखी खुलासा द्या." खुलासा आला, अगदी निर्दोष. टॉवेल त्यानंतर कुणी कपाटातून काढला नाही.

परवा प्रयोगशाळेवरून जाताना गॅसचा वास आला. खिडक्या सताड उघड्या, शिपाईमामा पुठ्ठ्यानं वारा घालताहेत, बाई गॅसची नळी चाचपताहेत.

"कधीपासून गळतेय ही?"

"झालं की पंधरा दिस," मामा म्हणाले.

"मग मला का नाही सांगितलंत?"

बाईंनी नळीच्या टोकाला फडकं गुंडाळलं. मामाच बोलले, "सांगितलं असतं की सर. पन तुमी लेखी मागता, आन माजं अक्षर लई वाईट हाय."

एरवी अशा वाक्यावर अख्खी खोली लोळली असती. कुणी हसलं नाही, सर. मामासुद्धा नाहीत.

नळी त्याच दिवशी बदलली. तेवढं माझ्या अधिकारात होतं; हसण्याचं परिपत्रक मात्र काढता येत नाही. काल वाटलं, आपणच टॉवेल खांद्यावर टाकावा आणि म्हणावं, करा माझा सत्कार. शिक्षकांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. लाज वाटली, परत फिरलो. तुम्ही गेलात तिथे पत्र पाठवायला पत्ता नाही, हे तसं माझ्या सोयीचंच.

प्रयोगशाळेला लागून पाचवीचा वर्ग भरतो, सर. शाळेत आणखी काय काय गळतंय, हे माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक असेल, याची मला भीती वाटते.