आईच्या रेकॉर्डचं कव्हर

कळंब,
१८ नोव्हेंबर १९७३

तीर्थरूप दादास,

पारूचा नमस्कार. वहिनी आणि मुलं बरी असतील. इकडे झोडणी उरकली, आई ठणठणीत आहे. भिवपुरीच्या क्वार्टर्समध्ये थंडी पडली का?

चार वर्षांनी लिहिते आहे. चित्रकला शिकायला निघाले तेव्हा तू म्हणालास, "आता मला तोंड दाखवू नको." मी दाखवलं नाही.

दादा, कुणी तुझे कान भरायच्या आधी मीच सांगते. जूनमध्ये आई "डोळे दाखवायला मुंबईला जाते" म्हणून तुला सांगून निघाली, ते खोटं होतं. तिला मीच तसं शिकवलं. मी ज्या रेकॉर्ड कंपनीसाठी कव्हरं रंगवते, तिथे तिची गाणी रेकॉर्ड झाली. भात लावताना म्हणायची ती. बाबा गेल्यावर तू तिला चारचौघांत गायला बंदी केलीस, म्हणून तुला विचारलं नाही.

मग कव्हरावरून भांडण झालं. कंपनीच्या साहेबांनी 'लावणीची गाणी' एवढंच वाचलं आणि दुसऱ्या चित्रकाराकडून घुंगरू बांधलेली नाचणारी बाई काढून घेतली. मी म्हटलं, "साहेब, ही भाताची लावणी आहे."

"लोकांना काय कळतंय? बाई सुंदर आहे, खपेल."

खरं सांगते, नोकरीच्या भीतीने मी गप्प बसणार होते. पण आई शेजारीच उभी होती. चित्र हातात घेऊन म्हणाली, "सायब, माजे पाय चिखलात व्हते, घुंगरात नाय. हिचं चित्र लावायचं तर गाणं पण हिच्याकडनंच म्हणून घ्या."

साहेबांनी तिच्या हातातून ते चित्र काढून घेतलं. नव्या चित्रासाठी मला आठ दिवस मिळाले.

मी आईच काढली. डोक्यावर इरलं, हातात रोपांची मूठ, पोटरीपर्यंत चिखल आणि गाताना उघडलेलं तोंड, पडलेल्या दातासकट. मागे छापलंय: गायिका गोदूबाई, चित्र पारू.

काल कर्जतला रज्जाकभाईंनी आपल्या रेडिओच्या दुकानाबाहेर कव्हर टांगलं आणि रेकॉर्ड लावली. बाजाराला आलेल्या बाया थांबल्या. दुसऱ्या कडव्याला सगळ्या गायला लागल्या! टांगेवाला ओरडला, "अगं, वाट तरी द्या!" कुणी हललं नाही. आई कव्हराखाली उभी राहून जिला तिला सांगत होती, "ही मीच हाय गं. आन् काडली माज्या पारूनं." संध्याकाळपर्यंत दुकानातल्या रेकॉर्डी संपल्या.

एक राखून ठेवली आहे. रविवारी आम्ही दोघी ती घेऊन भिवपुरीला येतोय, रज्जाकभाईंचा ग्रामोफोनही आणतोय. खोटं बोलल्याची माफी मागेन. गाण्याची मागणार नाही, चित्राचीही नाही. दार उघड.

तुझी धाकटी बहीण,
चित्रकार पारू