उंदीर कोणी धरले होते

बाबा,

काल माझ्या विद्यार्थिनीनं मला विचारलं, "म्याडम, तुमच्या थिसिसमधले उंदीर कोणी धरले होते?" मी खुर्चीतून उठले, खिडकी लावली, परत बसले. तिला उत्तर हवं होतं. तिचं काम माझ्या कामावर उभं आहे आणि माझं तुमच्या हातांवर. तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांत मी तुम्हाला काही लिहिलेलं नाही. हे लिहिते आहे, कारण तिच्याशी जे बोलले त्यातलं अर्धंच खरं होतं.

तुम्ही कॉलेजच्या प्राणिघरात अटेंडंट होतात आणि मी त्याच कॉलेजात पीएच.डी. करत होते. उंदराला थंड पाण्यात तीन मिनिटं पोहायला लावायचं, पुसायचं, त्याची शेपटी तापल्या तारेच्या अगदी वर धरायची आणि ती झटकेपर्यंतचे सेकंद मोजायचे. घाबरलेल्या जिवाला काही वेळ दुखणं कमी जाणवतं. ते नरात किती आणि मादीत किती, एवढंच मला शोधायचं होतं. तुलनेसाठी न पोहलेले उंदीरही मोजायचे. तुम्ही धरायचात, मी घड्याळ दाबायचे. सगळे विद्यार्थी तुम्हालाच बोलवायचे. तुमच्या हातात उंदीर मातीच्या गोळ्यासारखा गप बसतो, असं म्हणायचे. त्या दिवशी तुम्ही घरी दोन पोळ्या जास्त खायचात.

न पोहलेल्या माद्याही तुमच्या हातात उशिरा शेपटी झटकत. त्यामुळे पोहलेल्या आणि न पोहलेल्या माद्यांत फरक असा उरलाच नाही. नरांत तो स्पष्ट होता. मी लिहिलं, भीतीनं नराचं दुखणं दबतं, मादीचं दबत नाही. विभागात अजून तोच प्रबंध दाखवून नव्या मुलांना पद्धत शिकवतात.

एक दिवस मात्र वेगळा होता. तुम्ही मयतीला वडनेरला गेला होतात आणि माद्या मी धरल्या, घड्याळ मैत्रिणीनं पाहिलं. न पोहलेल्यांनी लगेच शेपटी झटकली, पोहलेल्यांनी उशिरा. दुसऱ्या दिवशी मी ते पान तुम्हाला दाखवलं. तुम्ही पान पाहिलंच नाहीत. एक मादी माझ्या हातात दिलीत आणि माझी बोटं पाहत राहिलात.

"काऊन इतकी आवळतं तिले? दुखून राह्यलं तिले, म्हणून झटकते."

"बाबा, शेपटी झटकायचीच असते. तेच तर मोजतो आपण."

"मले नको शिकवू. तुह्या जन्माच्या आधीपासून धरून राह्यलो मी. हात नाई तुले. ठेव तिले आत."

मी तिला आत ठेवलं. तो दिवस आकडेवारीतून वगळला. कारण लिहिलं, धरणाऱ्याचा अननुभव.

आता माझी विद्यार्थिनी तेच मोजते आहे. सध्याचे अटेंडंट सुट्टीवर असले की तिच्या माद्या लवकर शेपटी झटकतात, ते असले की उशिरा. तिनं त्यांच्याकडे कालचं बनियान मागितलं. ते म्हणाले, "काऊन?" ती म्हणाली, "पिंजऱ्याजवळ ठेवायचंय, भाऊ." "ठेवा बापा. घरी बायको हात नाई लावत त्याले, पाहू उंदरं काय म्हणते." सगळे हसले. मीही हसले. मग तिनं एकटीनं माद्या धरल्या, बाजूला ते बनियान, आणि त्या तुमच्या हातातल्यासारख्या गप झाल्या. मी उभी राहून सेकंद ऐकत होते. पुरुषाच्या घामाच्या वासानं उंदीर भितात, माद्या नरांहून जास्त, हे परदेशात दाखवलं गेलेलं आहे. मी ते वाचलं होतं आणि पान उलटलं होतं.

म्हणजे त्या शांत नव्हत्या. पाण्यात घालायच्या आधीच भ्यालेल्या होत्या. मी भीतीची तुलना भीतीशीच केली.

तुम्ही हळुवार धरत होतात, बाबा, त्यात खोट नाही. तुम्ही मलाही कधी मारलं नाहीत. नालवाडीच्या त्या दोन खोल्यांत धाकट्या भावाला साधं खरचटलं तरी गल्ली गोळा व्हायची. माझ्या हातावर फोडणीचं तेल सांडतं आणि तुम्ही माझं मनगट धरून नळाखाली नेता. पाणी वाहतं आहे. तुमचा श्वास माझ्या कानाशी आहे. मला काही दुखत नाही, खरंच नाही. तुम्ही दारातून शेजाऱ्यांना सांगता, "हू का चू नाई केलं पोरीनं." मग तुम्ही ड्युटीवर जाता, सायकल गल्लीच्या टोकाला वळते आणि माझा हात पेटतो. आई विचारते, "आता काऊन रडून राह्यली? तवा तं गप होती."

मला तुमची भीती का वाटायची, ते आजही सांगता येत नाही. तुम्ही काहीच केलं नव्हतं. माद्यांनाही तुम्ही काही केलं नव्हतं.

तर काल मी तिला सांगितलं. एक अटेंडंट होते, पुरुष होते, सगळ्या माद्या त्यांनीच धरल्या. एक दिवस मी धरल्या होत्या, तेवढेच आकडे बरोबर होते आणि तेच मी टाकून दिले. माझा निष्कर्ष चुकला आहे असं तुझ्या प्रबंधात लिही, कारणासकट लिही. तिनं पेन खाली ठेवलं. "म्याडम, तुमचं चुकलं असं कसं लिहू मी?" म्हटलं, मी सही करीन. वही बंद करताना माझा हात स्थिर होता.

ती उठली, पण दाराशी थांबली. माझा प्रबंध तिनं छातीशी धरला होता. "त्या अटेंडंटचं नाव सांगता? त्यांच्यामुळेच तर कळलं हे. आभारात टाकते."

काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरात माझं पूर्ण नाव आहे. आधी माझं, मध्ये तुमचं, मग आडनाव.

नाव आता आठवत नाही, म्हटलं. तिचा अंगठा मधल्या शब्दावर होता.