बाहेरचा बाक

बदलापूर, मार्गशीर्षातला गुरुवार, १९८८

आज उल्हासनगरला फर्निचरच्या दुकानात नमुने घेऊन गेलो. कपाटाच्या पितळी मुठी, स्वतः घडवलेल्या. नोकरी सोडून सहा महिने झाले, कायमचं गिऱ्हाईक एकही नाही. असंच चाललं तर लेथ मशीन विकावं लागेल.

शेठ कामात दिसले म्हणून बाहेर बाकावर बसलो. कंपनीत साहेबांच्या केबिनबाहेर बसायचो तसाच, पिशवी मांडीवर घेऊन. तेवढ्यात अंबरनाथचा दुसरा मुठीवाला आला, सरळ आत गेला आणि खुर्ची ओढून बसला.

तासाभराने शेठ बाहेर आले. "काका, कोणाची वाट बघताय?"

"आपण बोलावाल म्हणून थांबलो."

ते हसले. "अरे काका, ये दुकान है, दवाखाना नहीं! इथे नंबर कोण पुकारणार?" मग मूठ हातात फिरवून बघितली. "माल तो उससे अच्छा है. पण त्याला आत्ताच वर्षभराचं काम सांगितलं."

तो बाक डोळ्यांपुढून जात नाही. बोलावल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे शाळेत गुरुजींनी शिकवलं, मग साहेबांनी. इतकी वर्षं ज्याला सबुरी म्हणत आलो, ती सबुरी होती की भीती? मूठ घडवायला सबुरी लागते, हे खरं. पण विकायला?

तिथून निघालो आणि पलीकडच्या दुकानात सरळ शिरलो. मालकाने दोन मुठी ठेवून घेतल्या, "सोमवारी या" म्हणाला. एवढंच.

देवापुढे रोज सबुरी मागतो. आज हात जोडले, पण ते मागणं तोंडातून निघेना.