तळं दिल्यावर

रविवार, ९ एप्रिल

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. मी मजेत. गुडघाही सध्या शहाण्यासारखा वागतोय. तू, जावईबापू आणि आमचा पिटुकला खुशाल असाल.

‘आई, निघतेस कधी?’ असं फोनवर तू परत परत विचारतेस आणि मी दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवते. म्हणून आज लिहायलाच बसले. पण आधी बातमी.

आज आपलं तळं नगरपालिकेची बाग झालं! कुंपण निघालं, बाक आले, नगराध्यक्षांनी फीत कापली. कापली कसली, कात्री बोथट निघाली, शेवटी ओढून तोडली. मी मेली सवयीची गुलाम, सकाळीच तिकीटखिडकी उघडून बसले. आणि लोकही कसले! फाटक नाही, कुंपण नाही, तरी माझ्यासमोर ही रांग! ‘अहो, आता फुकट आहे, जा आत,’ असं ओरडून घसा बसला. एका आजोबांनी विचारलं, ‘फुकट म्हणजे माणशी कितीला?’ आपला नावाडी हसून हसून होडीत आडवा झाला.

दुपारी पालिकेचा मुकादम आला. ‘बाई, खिडकी बंद करा, ही खोली पाडायचीय.’ उठले. करायला काहीच नव्हतं, म्हणून तळ्याला चक्कर मारली. ठकी, तुझे बाबा गेल्यापासून मी हे तळं नुसतं राखलं गं. कोण घसरतंय, कुठली होडी परत आली नाही, यातच जीव टांगलेला. पलीकडच्या काठाला इतकी छान सावली असते, हे मला माहीतच नव्हतं!

तिथे शिवणवर्गातल्या बायका पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. ‘या मालकीणबाई!’ म्हटलं, ‘मालकीण कसली, तुमच्यासारखीच फिरायला आलेय.’ त्यातली एक पोहायला शिकवते. म्हणाली, ‘तुम्हाला तर येतच असेल.’ जन्म तळ्याकाठी गेला आणि मला पोहता येत नाही! सगळ्या खो खो हसल्या, मीही. मग त्यांनी मला हाताला धरून, होत्या त्या कपड्यांनिशी, कमरेइतक्या पाण्यात उतरवलं. नाकातोंडात पाणी गेलं, हातपाय झाडले, आणि एक क्षण, अगदी एकच क्षण, मी तरंगले. बाई गं, काय सांगू तुला!

उद्यापासून शिकवणी.

तळं देऊन टाकायचं आणि मी तुझ्याकडे कायमची यायचं, असं आपलं ठरलं होतं. माझ्यासाठी खोली रंगवलीस, तेही जावईबापूंनी सांगितलंय. पण मी येत नाही गं. आले तर पाहुणी म्हणून येईन, चार दिवस राहीन, तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवीन आणि परत येईन. मालकीण होते तेव्हा सगळं सोडून पळावंसं वाटायचं. आता यातलं काहीच माझं नाही, तर पाय निघत नाही.

तुला वाईट वाटेल. मलाही वाटतंय, म्हणून तर इतकी बडबड केली. रागावलीस तर फोनवर नको, इथे येऊन भांड. तू लहान असताना तुझ्याशी बोलतानाही माझी नजर पाण्यावरच असायची. आता काठावर बसू, आणि तू कितीही वेळ भांड, मी फक्त तुझ्याकडे बघेन.

तुझीच, केस अजून ओले असलेली,
आई