एक लेबर पडलं

जितेंद्रा,

आशीर्वाद आज लिहीत नाही.

काल फोनवर तू बोलला, "आजी, जेवाले थांबू नको. हिंगण्याच्या साईटवर एक लेबर पडलं." पडलं? काहून गा, वीट पडते, डबा पडते. सरिता पडली! तुह्या लग्नात पोळ्या लाटणारी आपल्या गल्लीतली सरिता. कंबर मोडून दवाखान्यात हाय. तिच्या पायाखालची फळी तूच काढाले लावली, तिच्या नवऱ्यानं डोळ्यानं पाहिलं. आन् पोलिसाले तू सांगतलं, "आमचं लेबरच नोहे."

मुकादम झाला तं जिभेले हाडच राहिलं नाही तुह्या! तुहा बाप रेतीच्या ढिगावर झोपे, तवा मी घमेलं वाहो. मीबी लेबरच होती. पण माहा मुकादम 'मनकर्णा आली' म्हणे, 'लेबर आलं' नाही. शिव्याबी नाव घेऊन दे.

ही चिठ्ठी धाडत नाही. तू तुह्या बायकोले, मिनलले, वाचाले लावशील आन् दोघं हसान. उद्या साईटवर पोलिस येतीन, तवा सरिताच्या नवऱ्याले घेऊन मीच गेटवर येईन, त्यायच्यापुढं फळीचं सांगाले. वॉचमननं पुसलं कोण आलं, तं सांगीन, एक लेबर आलं.

तुही आजी,
मनकर्णा