मागच्या खोलीतला सनबेड

आई, आज दुपारी पार्लरमध्ये एक मुलगी आली आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लंडनच्या एजवेअरमधलं हे दुकान आईचं आहे असंच मी अजून गिऱ्हाइकांना सांगते. मागच्या खोलीत तू सनबेड आणलास तेव्हा आपण किती हसलो होतो, आठवतं? पुढच्या खोलीत आपल्या बायका उजळ दिसायला फेशियल करून घ्यायच्या आणि मागे गोऱ्या मुली सावळ्या व्हायला त्या निळ्या उजेडात झोपायच्या. "दोघींची अदलाबदल झाली तर मला कामच उरणार नाही," असं तू म्हणायचीस. त्या मुलींमध्ये एक बस चालवणारी होती. सुट्टीत स्पेनला जायच्या आधी दर वेळी यायची. आधीच थोडं टॅन झालं की तिथल्या उन्हात अंग भाजत नाही, असं तिला वाटायचं. तेव्हा ते तुलाही खरं वाटायचं.

तो शनिवार मला अजून दिसतो. मी एका काकूंच्या भुवया करते आहे आणि पडद्यापलीकडे तू तिच्या पायांना वॅक्स लावते आहेस. मध्येच तुझा आवाज थांबतो. तिच्या पोटरीवरचा तीळ मोठा झालाय, एका बाजूला काळाकुट्ट, कडा शाई फुटल्यासारख्या. "नो वॅक्सिंग. फर्स्ट डॉक्टर," तू म्हणतेस. ती हसते. "इट्स ओन्ली अ फ्रेकल, लव्ह." तू हात धुऊन तिच्यासमोर बसतेस आणि तेच पुन्हा सांगतेस. शेवटी ती वैतागून, अर्धाच पाय झालेला असताना तशीच निघून जाते.

तुझे फोन तिने घेतले नाहीत. मग तू काय केलंस, तर तिच्या रूटच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिलीस, एक बस सोडलीस, दुसरी सोडली, आणि तिची आली तशी चढलीस. साडी, वर कोट, हातात भाजीची पिशवी. "यू वेंट टू डॉक्टर?" सगळी बस ऐकत होती. "आय विल, आय विल! जस्ट सिट डाउन, प्लीज!" असं ती म्हणाली. तू बसलीस, पण दाराजवळच्या सीटवर, तिला दिसशील अशी. घरी येऊन तू हे सांगितलंस तेव्हा बाबांनी कपाळाला हात लावला होता.

ती गेली डॉक्टरकडे. कातडीचा कॅन्सर निघाला, पण वेळेत सापडला. तेवढा भाग कापून काढला आणि ती बरी झाली. पायाची पट्टी निघाल्यावर ती लेमन केक घेऊन आली आणि डॉक्टरांनी सांगितलेलं तुला सांगत बसली. टॅन होणं म्हणजेच कातडीला इजा झालेली असते. सनबेडवर आधी सावळं होऊन घेतल्याने उन्हापासून संरक्षण मिळत नाही, उलट धोका वाढतो.  ती गेल्यावर तू मागच्या खोलीत जाऊन सनबेडचा प्लग काढलास. बाबा म्हणाले, "अगं, निदान विकून तरी टाक." तू म्हणालीस, "म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या तरी मागच्या खोलीत जाईल." आणि कौन्सिलच्या कचरेवाल्यांना फोन करून तो भंगारात पाठवलास. मी म्हणाले, आपल्याला काय, आपण आधीच सावळे. त्यावर तू अशी भडकलीस! "सावळ्यांना होत नाही असं कोणी सांगितलं तुला? मी डॉक्टरांना विचारून आलेय. कमी होतो, पण झाला की उशिरा कळतो, कारण आपल्यात कोणी अंग बघतच नाही. तळपाय बघत जा, नखं बघत जा."

आजची मुलगी त्या बसवालीचीच लेक. तू तिला कधी पाहिलं नाहीस. शाळा संपतानाची प्रॉमची पार्टी आहे आणि तिला सावळं दिसायचंय. सनबेडवाल्यांनी अठरा पूर्ण नाहीत म्हणून परत पाठवलं, तर आई तिला इथे घेऊन आली. मी तिला स्प्रे टॅन करून दिला. डोळे मिटायला लावले, नाकात फिल्टर घातले, ओठांना क्रीम लावलं. रंग अगदी वरच्या थरालाच बसतो आणि आठवड्याभरात उतरतो. आरशात बघून पोरगी इतकी खूश झाली! मग मी तिला सांगितलं, हा नुसता रंग आहे, ऊन याने अडत नाही. बाहेर जाताना सनस्क्रीन लाव, दर दोन तासांनी परत लाव, दुपारी सावलीत बस. "यू साउंड लाइक माय मम," ती म्हणाली. खुर्चीत बसलेली तिची आई हसली. आता तिचे केस पांढरे झालेत. "नो, लव्ह," ती म्हणाली, "शी साउंड्स लाइक हर्स."

 मी उगाच टॉवेलच्या घड्या घालत राहिले.

हे पत्र कुठल्या पोस्टात टाकणार, माझ्याजवळच राहील. पण तुझ्यापासून काय लपवायचं? मीही रोज सनस्क्रीन लावते, आणि मनातून अजून ते काळी पडू नये म्हणूनच लावते. पण लावते.